आधी वजनकाटा, मग टायरचे दुकान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य सरकारचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले आणि मिडी बसच्या चासीवर चाकांवरचे घर बांधून घेण्याची हौस आपल्याकडेही वाढली. त्या पहिल्या खेपेतल्या गाड्यांचे मूळ टायर आता बदलायला आले आहेत. मालक दुकानात गेला की एक सल्ला ठरलेला असतो : "गाडी जड आहे साहेब, एक साइज मोठा टाकू." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण मोठ्या टायरने मूळ अडचण सुटेलच असे नाही, आणि जिथे अडचण नव्हती तिथे मात्र ती हमखास उभी राहते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

बस आणि कॅराव्हॅन एकाच चासीवर बांधलेल्या असल्या तरी टायरच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. बस शेवटच्या थांब्यावर रिकामी होते, कॅराव्हॅन कधीच रिकामी होत नाही. प्लायवुडची कपाटे, फ्रिज, एसी, पलंग, शौचालय हे सगळे रात्रंदिवस, गाडी उभी असतानाही, त्याच सहा टायरवर बसलेले असते. २०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे २०० किलो. स्वयंपाकाच्या गॅसचा भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी एकेक पन्नास ते साठ किलोंची, आणि अशा दोन तरी असतात. त्यात बांधणारा कारागीर सोयीने सामान लावतो. ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या एकाच अंगाला येतात, कारण नळ आणि वायरी तिकडूनच न्यायच्या असतात. बसचे प्रवासी दोन्ही बाजूंना सारखे बसतात, तसे इथे होत नाही.

मागे टांगलेल्या सामानाचा हिशेब तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३.६ मीटर आहे आणि मागच्या धुरीच्या (अ‍ॅक्सलच्या) दीड मीटर मागे जनरेटर व सायकली मिळून १५० किलो टांगले. मागच्या धुरीवरचा भार १५० किलोंनी वाढत नाही, तर २१२ किलोंनी वाढतो आणि पुढच्या धुरीवरचा ६२ किलोंनी कमी होतो. मागचे टायर दबतात आणि स्टिअरिंग हलके लागते. चालकाला वाटते, गाडी छान चालली आहे.

त्यामुळे टायर निवडण्याची पहिली पायरी दुकानात नसून वजनकाट्यावर आहे. गाडी लांबच्या प्रवासाला निघते तशी भरावी : डिझेल आणि पाणी काठोकाठ, सिलिंडर, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, आणि माणसेही आपापल्या जागी. मग पूर्ण गाडीचे वजन, फक्त पुढची चाके काट्याच्या कट्ट्यावर घेऊन एक वजन आणि फक्त मागची चाके घेऊन एक. पुढची आणि मागची बेरीज एकूण वजनाशी वीस-तीस किलोंच्या फरकाने जुळली पाहिजे. जुळली नाही तर ब्रेक लागलेला असतो किंवा कट्ट्याबाहेरची जमीन उतरती असते. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा आणि चाकाला ठोकळा असेच वजन घ्यावे.

एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. खरी माहिती मात्र पुढच्या दोन वजनांत असते. गाडी अशी घ्यायची की फक्त डाव्या अंगाची चाके कट्ट्यावर येतील आणि उजवी बाहेर राहतील. आधी डावीकडची पुढची-मागची दोन्ही, मग गाडी पुढे काढून फक्त मागची. वजाबाकी केली की चारही कोपऱ्यांची वजने हातात येतात. यासाठी कट्टा जमिनीच्या पातळीतला, खड्ड्यात बसवलेला हवा. चढ बांधून जमिनीवर ठेवलेल्या कट्ट्यावर गाडी कलते आणि कललेल्या गाडीचे वजन खालच्या बाजूला सरकते, ते आकडे कामाचे नाहीत. मोठा काटा पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो, आपल्या कामाला तेवढे पुरते. काटेवाले अर्ध्या गाडीचे वजन करायला कुरकुर करतात. दुपारी ट्रकची रांग नसताना जावे.

आता एक उदाहरण. गाडीला ७.५० आर १६ मापाचे सहा टायर आहेत, पुढे दोन आणि मागे जोडीने चार. टायरच्या बाजूवर १२२/११८ असे लिहिले आहे. हे भारांक आहेत. पहिला अंक टायर एकटा बसवल्यावरचा, दुसरा जोडीत बसवल्यावरचा. १२२ म्हणजे १५०० किलो, ११८ म्हणजे १३२० किलो. जोडीतल्या टायरला कमी भार देतात, कारण दोन टायर भार कधीच अगदी निम्मा-निम्मा वाटून घेत नाहीत. रस्ता मध्ये उंच असतो, हवेत दोन-चार पीएसआयचा फरक असतो आणि आतल्या टायरला वाराही कमी लागतो.

काट्यावर पुढची धुरी २६०० किलो भरली, मागची ५१००. मागच्या चार टायरची क्षमता ४ गुणिले १३२०, म्हणजे ५२८० किलो. कागदावर १८० किलो शिल्लक दिसतात. पण कोपऱ्यांची वजने काढल्यावर मागची डावी जोडी २७५० आणि उजवी २३५० निघते. एका जोडीची क्षमता २६४० आहे. म्हणजे उजवीकडे २९० किलोंची सवड, तर डावीकडे ११० किलोंचा जादा भार. ही गाडी उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर सलग तीन तास धावली तर कोणता टायर आधी जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. डावीकडचा आतला.

अशा वेळी तडक मोठा टायर घेणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आधी सामान हलवावे. दोन बॅटऱ्या डावीकडून उजवीकडे नेल्या की शंभरेक किलो सरकतात. डावी जोडी २६५० वर येते, उजवी २४५० वर. पाण्याची टाकी आडवी, मध्यावर घेता आली तर आणखी उत्तम. हे काम सुताराचे आणि वायरमनचे आहे, आणि सहा नव्या टायरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. तरीही डाव्या जोडीला सवड उरली नाही, हे खरे. आमच्या मते कोणत्याही कोपऱ्यात निदान दहा टक्के सवड हवीच, कारण वजन केल्यानंतरही गाडीत सामान वाढतच जाते. छत्र्या, खुर्च्या, आणखी एक गादी.

सवड मिळवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग दुकानात क्वचितच सुचवला जातो : माप तेच, भारांक वरचा. ७.५० आर १६ च्याच काही बनावटींत जोडीचा अंक ११८ ऐवजी १२० किंवा १२१ असतो. १२१ म्हणजे टायरमागे १४५० किलो, जोडीला २९००. वरच्या उदाहरणात बॅटऱ्या हलवल्यानंतर २५० किलोंची, म्हणजे दहा टक्क्यांच्या जवळपास सवड मिळाली, तीही रिम, मडगार्ड, वेगमापक कशालाही हात न लावता. फक्त वरच्या भारांकाला हवाही जास्त लागते, आणि आपली रिम तेवढी हवा व तेवढा भार सोसते का हे पाहावे लागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही "सोळा प्लायचा दे" असे बोलतात. पीआर (प्लाय रेटिंग) हा आकडा सुती धाग्यांच्या थरांच्या काळातला आहे. आजच्या रेडियल टायरमध्ये सोळा थर नसतात, आणि १६ पीआर छापलेल्या दोन वेगवेगळ्या बनावटींचे भारांक वेगळे असू शकतात. तेव्हा पीआर विचारू नका, बाजूवरचे दोन अंक वाचा. त्यापुढचे अक्षर वेगाचे. के म्हणजे ताशी ११० किलोमीटर, एल १२०, एम १३०. ही अक्षरे पूर्ण भाराच्या वेळची वेगमर्यादा सांगतात.

आता "एक साइज मोठा", म्हणजे बहुधा ८.२५ आर १६. भारांक साधारण १२८/१२४, जोडीला ३२०० किलो. आकडा बघून मोह होतो. पण ७.५० चा व्यास सुमारे ८०५ मिलिमीटर, ८.२५ चा सुमारे ८६०. जवळपास सात टक्क्यांचा फरक, आणि तो चार ठिकाणी भोवतो.

वेगमापक ८० दाखवत असेल तेव्हा गाडी खरे तर ८५ च्या वर धावत असते. वेगनियंत्रक बसवलेला असेल तर तोही फसतो. घाट चढताना जणू गिअर उंच झाल्यासारखे होते. जो चढ दुसऱ्यात निघायचा तो पहिल्यात काढावा लागतो आणि क्लच झिजतो. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. ब्रेकचा ड्रम तोच राहतो, चाकाची त्रिज्या वाढते, त्यामुळे तेवढ्याच पेडलला रस्त्यावर मिळणारा रोध सहा टक्क्यांहून जास्त घटतो. सपाटीवर हे जाणवणार नाही. कसारा किंवा आंबा घाट भरल्या गाडीने उतरताना, ड्रम तापलेले असताना, जाणवेल. आणि चौथी, घर आधीच उंच असताना ते पावणेतीन सेंटिमीटर आणखी वर जाते.

याहून वाईट प्रकार म्हणजे मागे जागा नाही म्हणून फक्त पुढे मोठे टायर टाकणे, किंवा उलट. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, चाकांच्या फिरण्याचा वेग एकमेकांशी ताडून पाहते. पुढे-मागे सात टक्क्यांचा फरक असला तर तिचा हिशेब चुकतो. स्टेपनी जुन्या मापाची ठेवणे हाही तसलाच प्रकार. जोडीत ती बसवली की सगळा भार मोठ्या टायरवर जातो आणि छोटा नुसता घासत राहतो.

जोडीतल्या दोन टायरच्या व्यासात किती फरक चालतो? या मापात सहा मिलिमीटरपर्यंत, जास्त नाही. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण व्यासात सहा मिलिमीटर म्हणजे घेरात जवळजवळ एकोणीस. असा टायर किलोमीटरला सुमारे चारशे फेरे घेतो. दोन्ही टायर एकाच हबला घट्ट आवळलेले असल्याने एकाला प्रत्येक किलोमीटरमागे साडेसात मीटर फरफटत जावे लागते. एक नवा आणि एक अर्धा झिजलेला अशी जोडी लावली की हेच होते. लावावीच लागली तर मोठ्या व्यासाचा बाहेरच्या बाजूला लावावा.

यानंतर जोडीतल्या अंतराचा प्रश्न, आणि कॅराव्हॅनमध्ये माप वाढवताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन टायरच्या मध्यरेषांमध्ये ठरावीक किमान अंतर लागते. २१५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला ते २४० च्या आसपास, २३५ रुंदीच्या टायरला २६५ च्या आसपास असते. नेमका आकडा टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतो. हे अंतर टायर ठरवत नाही, रिम ठरवते. रिमच्या तबकडीची बसण्याची पाठ मध्यरेषेपासून जितकी बाजूला, त्याच्या दुप्पट अंतर दोन टायरमध्ये मिळते. जुन्याच रिमवर रुंद टायर चढवला की वरून पाहताना फट दिसते. दुकानदार बोट घालून दाखवतोही. पण भरलेली गाडी उभी राहिली की टायर खाली, जमिनीपाशी फुगतो. तिथे दोघे एकमेकांना घासतात, खड्ड्यात तर चिकटतातच. घासलेल्या जागी रबर जळते, आतल्या तारा उघड्या पडतात, आणि हे सगळे आतल्या बाजूला असल्याने टायर फुटेपर्यंत दिसत नाही. तपासायचे तर भरल्या गाडीखाली वाकून, जमिनीपासून वीतभर उंचीवर टॉर्च मारून बघावे. तिथे दगड अडकण्याचीही शक्यता असते, ते वेगळेच.

७.५० आर १६ ला तिसरा पर्याय आहे : २३५/७५ आर १७.५ ट्यूबलेस. व्यास काढायला सोपा. रिम १७.५ इंच म्हणजे ४४४.५ मिलिमीटर. बाजूची उंची २३५ च्या ७५ टक्के, म्हणजे १७६. ती दुप्पट करून मिळवली की ७९७. मूळ ८०५ शी एक टक्क्याचा फरक. वेगमापक, गिअर, ब्रेक, एबीएस यांपैकी कशालाच धक्का नाही. १३२/१३० भारांकाचा टायर एकटा २००० आणि जोडीत १९०० किलो पेलतो. आमचा कल या मापाकडे आहे, पण डोळे झाकून नाही. सहाही रिम नव्या घ्याव्या लागतात, ६.७५ इंच रुंदीच्या. नटांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि नटाची बसण्याची तऱ्हा हे सगळे जुन्या हबशी जुळले पाहिजे. टायर रुंद असल्याने जोडीतले अंतर नव्या रिमनेच २६५ च्या वर मिळाले पाहिजे, आणि ते मिळवताना आतला टायर स्प्रिंगच्या पाट्यांना आणि बाहेरचा मडगार्डच्या कडेला लागता कामा नये. रिम लहान व्यासाची नसली तरी ब्रेकच्या ड्रमला आणि वॉल्व्हला आतून जागा आहे ना, हे एक रिम बसवून, हाताने फिरवून बघावे.

आणखी एक व्यवहार. ७.५० आणि ८.२५ तालुक्याच्या गावातही मिळतो. १७.५ चा टायर रात्री देवगड किंवा गडचिरोलीच्या वाटेवर मिळेलच असे नाही. हे माप घेणाऱ्याने चांगली स्टेपनी जवळ ठेवलीच पाहिजे.

ट्यूबलेसचा एक फायदा आकड्यांत दिसत नाही. ७.५० आणि ८.२५ चे बहुतेक टायर ट्यूब आणि फ्लॅपचे, तर त्यांच्या रिम अनेकदा लॉक रिंगच्या (टायर रिमवर अडकवून ठेवणाऱ्या सुट्या कड्याच्या) असतात. ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून उष्णता वाढते, आणि ट्यूब फाटली की हवा एकदम जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा गेला तर हवा सावकाश उतरते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल तर ती गोळीसारखी सुटते. लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी. रस्त्याकडेच्या दुकानात पिंजरा नसेल तर निदान रिंगसमोर कोणी उभे राहू नये.

रिमचा विषय निघालाच आहे तर, टायरची क्षमता वाढली म्हणून रिमची वाढत नाही. १५०० किलोंच्या रिमवर २००० किलोंचा टायर लावला तरी ते चाक १५०० चेच. तीच गोष्ट धुरीची, पाट्यांची आणि ब्रेकची. कोणताही टायर गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रातले एकूण वजन वाढवून देत नाही. काट्यावर गाडी त्या आकड्याच्या वर गेली असेल तर उपाय एकच, सामान उतरवा.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो अर्थ अधिक कडक केला. म्हणून आधी चासी बनवणाऱ्या कंपनीकडे चौकशी करावी की याच चासीच्या दुसऱ्या प्रकारांना ती कोणते टायर आणि कोणत्या रिम देते. एकाच चासीची मालवाहू आणि बस अशी दोन रूपे असली तर अनेकदा दोन मापे मंजूर असतात. त्या यादीतले माप घेणे हा सगळ्यात सुरक्षित रस्ता. यादीबाहेरचे माप कितीही शहाणपणाचे असले तरी अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला ते समजावत बसावे लागते.

टायर चढल्यावर हवेचा प्रश्न. बाजूवर छापलेला आकडा हा कमाल भाराच्या वेळचा असतो. आपल्या भाराला किती हवा हे कंपनीच्या भार-हवा तक्त्यात बघावे, आणि ते जड कोपऱ्यावरून ठरवावे. डावी जोडी जड असेल तर तिच्या भाराला लागणारी हवा उजवीकडेही भरायची, एका धुरीवर दोन वेगळे आकडे ठेवायचे नाहीत. हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. धावल्यावर टायर तापतो, हवा दहा-पंधरा पीएसआयने चढते, आणि ती चढणे धरूनच टायर बनवलेला असतो. पेट्रोल पंपावर गरम टायरची "जास्त झालेली" हवा काढणारे चालक आपल्याच हाताने टायर मारतात. ऋतूचाही हिशेब असतो. नागपुरात मेमध्ये ४२ अंशांना थंड टायरमध्ये १०० पीएसआय भरले असतील, तर जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना तोच टायर ८९ च्या आसपास दाखवेल, आणि यात गळती धरलेलीच नाही.

आतल्या टायरची हवा कोणी तपासत नाही, कारण तिथे हात पोचत नाही. वॉल्व्हची लांबी वाढवणारी धातूची नळी (एक्स्टेंशन) बसवून ती बाहेरच्या रिमला पक्की करावी, रबरी नळी चाक फिरताना हलून वॉल्व्हच सैल करते. टॉमीने ठोकून आवाजावरून हवा ओळखण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने पूर्ण बसलेला टायर कळतो, वीस टक्के उतरलेला नाही. आणि वीस टक्के उतरलेला टायर भरल्या गाडीखाली धावला असेल तर तो उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा हवा भरू नये. बाजूच्या तारा वाकून थकलेल्या असतात आणि हवा भरतानाच तो फुटू शकतो.

लहान कॅराव्हॅन, म्हणजे साडेतीन टनांच्या आतल्या व्हॅनवर बांधलेल्या, यांच्या मालकांसाठी एकच धोका सांगतो. त्यांच्या मापाचे टायर एसयूव्हीलाही येतात. २३५/६५ आर १६ हे माप एसयूव्हीच्या बनावटीत १०३ भारांकाचे, म्हणजे ८७५ किलोंचे मिळते. त्याच मापापुढे सी हे अक्षर असलेला व्यापारी टायर ११५ चा, १२१५ किलोंचा असतो. दोन्ही बसतात, दोन्ही सारखेच दिसतात. स्वस्त आणि मऊ म्हणून पहिला घेतला की एका चाकामागे ३४० किलो गेले.

वयाबद्दल थोडक्यात. कॅराव्हॅनचे टायर झिजून मरत नाहीत, उभे राहून मरतात. नक्षी नवी कोरी आणि बाजूला केसासारख्या भेगा, हे नेहमीचे दृश्य. त्यामुळे किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षीचा नियम यांच्या उपयोगाचा नाही, टायर गोटा व्हायची वेळच येत नाही. बाजूवरचे चार आकडे पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी उतरवून तपासणी, आणि सात वर्षांनंतर पुढच्या चाकांवर तरी ठेवू नये असे आमचे मत. विकत घेतानाही तारीख बघावी. दुकानात दोन वर्षे पडलेला टायर "नवा" म्हणूनच विकला जातो. आयएसआय चिन्ह परदेशी टायरवरही असले पाहिजे. पुढच्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेला) टायर कधीच नको. रेडियल आणि नायलॉन एका गाडीवर मिसळू नयेत. नट ठरलेल्या ताकदीने, टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. नव्या रिमचा रंग दबला की नट सैल पडतात.

आता मागणी. अमेरिकेत प्रत्येक मोटारहोमवर टायरचे माप, रिमचे माप, थंड असतानाची हवा आणि प्रत्येक धुरीची क्षमता लिहिलेली पट्टी लावणे बंधनकारक आहे. शिवाय माणसे आणि सामान मिळून किती किलो भरता येतील हा आकडाही दरवाजापाशी द्यावा लागतो. तिथल्या मराठी मंडळींनी भाड्याने घेतलेल्या गाडीतही ही पट्टी पाहिली असेल. आपल्याकडे मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानक आहे, पण घर बांधून झाल्यावर गाडी काट्यावर नेऊन चार कोपऱ्यांची वजने मालकाच्या हातात देण्याची पद्धत बांधणाऱ्यांत नाही. गाडीच्या दरवाजावर चासीच्या कारखान्यातली, रिकाम्या बसची पट्टी तशीच राहते आणि टायरवाला तिच्यावरूनच हवा भरतो.

परिवहन विभागाने कॅराव्हॅनच्या नोंदणीच्या वेळी पाणी आणि डिझेल भरलेल्या गाडीची चार कोपऱ्यांची काटापावती मागावी आणि टायरचे माप, दोन्ही भारांक व थंड हवेचा आकडा असलेली नवी पट्टी चालकाच्या दरवाजावर लावून घ्यावी. पर्यटन विभागाने आपल्या नोंदणीकृत कॅराव्हॅनचालकांना हीच अट दरवर्षीच्या नूतनीकरणात घालावी. काट्याचा खर्च काही शे रुपयांचा आहे.

आपले,
टायर क्षेत्रात काम करणारे काही अभियंते, पुणे